पुरोगामी परराष्ट्र धोरण, जागतिक न्याय आणि शाश्वत विकास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर बोलणं सुरू झालं की काही प्रश्न हमखास येतात. काही कुतूहलापोटी, काही रागाने. दोन्ही प्रकारच्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. ज्या मुद्द्यांवर पुरोगाम्यांमध्येच मतभेद आहेत, ते मतभेद लपवलेले नाहीत.

पुरोगामी परराष्ट्र धोरण म्हणजे नेमकं काय?

कायद्यापुढे सगळे सारखे, दुबळ्याला संरक्षण, ज्याने नुकसान केलं त्याने भरपाई द्यायची, ही तत्त्वं आपण देशाच्या आत गृहीत धरतो. सीमा ओलांडली की ती एकदम हवेत विरतात. ती तिथेही लागू व्हावीत, असा आग्रह धरणारं धोरण ते पुरोगामी.

हा आग्रह आजचा नाही. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेत एकत्र येऊन ‘७७ देशांचा गट’ उभा केला. १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ‘नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थे’चा जाहीरनामा मंजूर केला. स्वीडनचे नेते ओलोफ पाल्मे यांच्या आयोगाने १९८२ मध्ये ‘सामायिक सुरक्षे’ची कल्पना मांडली : शत्रूला असुरक्षित ठेवून कोणीच सुरक्षित होत नाही, दोघांनी मिळूनच सुरक्षित व्हावं लागतं. या सगळ्या प्रवाहांचा गाभा मला एकाच प्रश्नात दिसतो. जगाचे नियम कोण बनवतं, आणि ते अन्यायकारक असतील तर आपलं सरकार ते बदलायला तयार आहे का?

आधी पोटोबा, मग विठोबा. घरचे प्रश्न सुटलेले नसताना जगाच्या न्यायाची चिंता कशाला?

कारण घरचे अनेक प्रश्न घरात तयार होत नाहीत. औषधाची किंमत जिनिव्हात ठरलेल्या पेटंटच्या नियमांवर अवलंबून असते. सरकारच्या तिजोरीतला कर कुठल्याशा बेटावरच्या कागदी कंपनीत मुरतो. शेतमालाचा भाव दुसऱ्या देशाने दिलेल्या अनुदानामुळे पडतो. समुद्र वर येतो तो हजारो मैलांवर जळलेल्या कोळशाने. राष्ट्रहित आणि जागतिक न्याय नेहमी एकाच दिशेने जातात असं मी म्हणणार नाही. कधी कधी त्यांच्यात खरा संघर्ष असतो. पण आपल्याला वाटतो त्यापेक्षा तो कितीतरी कमी वेळा असतो.

जागतिक न्याय म्हणजे श्रीमंत देशांनी जास्त मदत द्यायची, एवढंच ना?

मदत हवी, पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवणं घातक आहे. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम विकासासाठी द्यावी, असा ठराव आमसभेने १९७० मध्ये केला. २०२४ मध्ये हे लक्ष्य गाठलं फक्त नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग या चार देशांनी. देणगीदार देशांची सरासरी ०.३३ टक्के होती. ब्रिटनने तर २०१५ मध्ये या ०.७ टक्क्यांचा कायदा केला आणि २०२१ मध्ये रक्कम ०.५ टक्क्यांवर आणली. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली मदतसंस्था ‘यूएसएड’ मोडीत काढली आणि दवाखाने, लसीकरण, एचआयव्हीची औषधं यांचे कार्यक्रम अनेक देशांत एकाएकी उघड्यावर पडले.

देणाऱ्याच्या राजधानीत सरकार बदललं की ज्याचं औषध थांबतं, त्याला हक्क मिळाला असं म्हणता येत नाही. म्हणून मदतीइतकंच, माझ्या मते तिच्याहून जास्त, लक्ष कर्ज, कर, व्यापार आणि पेटंटच्या नियमांवर हवं.

कर्ज घेतलं तर फेडायला नको का?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो आणि त्यात एक प्रामाणिक नैतिक भावना आहे. म्हणून जरा सविस्तर.

आधी कर्ज म्हणजे काय काय असू शकतं ते पाहू. फ्रान्सची वसाहत असलेल्या हैतीच्या गुलामांनी उठाव करून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँकची ‘भरपाई’ मागितली. जमिनी आणि गुलाम गमावलेल्या फ्रेंच मालकांसाठी! ती पुढे ९ कोटींवर आली, पण ती फेडायला हैतीला फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढावं लागलं. त्यातून वाढत गेलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला १९४७ मध्ये. माणसांनी स्वतःच्या सुटकेसाठी सव्वाशे वर्षं पैसे भरले.

दुसरं उदाहरण याच्या उलट आहे. १९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचं जवळपास निम्मं परदेशी कर्ज माफ झालं, आणि उरलेलं फेडणं त्या देशाच्या निर्यातीच्या ताकदीशी जोडलं गेलं. सवलत देणाऱ्यांत ग्रीसही होता. जर्मनी सावरावा अशी धनकोंची राजकीय इच्छा होती, म्हणून वाट निघाली.

आता झांबिया. नोव्हेंबर २०२० मध्ये या देशाने परदेशी रोख्यांचा हप्ता चुकवला. त्याच महिन्यात जी-२० गटाने अशा देशांसाठी ‘सामायिक चौकट’ जाहीर केली होती. तरी सरकारी धनकोंशी समझोता व्हायला जून २०२३ उजाडलं आणि खाजगी रोखेधारकांशी व्हायला २०२४. मधल्या काळात देश अधांतरी राहिला आणि २०२४ च्या सुरुवातीला भीषण दुष्काळ आला, जो राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर करावा लागला. कंपनी बुडाली तर दिवाळखोरीचा कायदा आहे, न्यायालय आहे, प्रत्येक धनकोला किती मिळेल याचा क्रम आहे. देश बुडाला तर असं काहीही नाही. प्रत्येक धनको दुसऱ्याकडे बघत बसतो आणि तोवर व्याज चढत राहतं.

मागणी त्यामुळे साधी आहे : देशांसाठीही कर्जफेररचनेची कायदेशीर यंत्रणा हवी, आणि तिथे सरकारी व खाजगी, दोन्ही प्रकारच्या धनकोंना एकच नियम लागू हवा. कर्जाच्या करारातच आपत्तीची तरतूद करणं हाही मार्ग आहे. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाच्या रोख्यांत तसं कलम होतं. २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळ आलं तेव्हा त्या कलमाच्या आधारे ग्रेनाडाने हप्ते पुढे ढकलले आणि पैसा मदतकार्यासाठी मोकळा केला. धनको बुडाले नाहीत.

उधळ्या आणि भ्रष्ट सरकारांचं काय, असं कोणी विचारेल. त्यांना जाब विचारायलाच हवा. पण हुकूमशहाला डोळे झाकून कर्ज देणाऱ्या बँकेलाही तोच जाब विचारायला हवा. जोखमीपोटी तिने जास्त व्याज आधीच लावलेलं असतं.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेवर एवढा रोष का?

मतांच्या हिशेबामुळे. नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे सुमारे १६.५ टक्के आहेत. म्हणजे नकाराधिकारच. नाणेनिधीचा प्रमुख आजवर नेहमी युरोपीय आणि जागतिक बँकेचा अध्यक्ष नेहमी अमेरिकी नागरिक राहिला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये नाणेनिधीने महामारीतून सावरण्यासाठी ६५० अब्ज डॉलरचे विशेष आहरण हक्क, म्हणजे गरजेला चलनात बदलता येणारी राखीव गंगाजळी, वाटले. वाटप प्रत्येक देशाच्या नाणेनिधीतल्या हिश्शानुसार झालं, त्यामुळे पूर्ण आफ्रिका खंडाच्या वाट्याला आले सुमारे ३३ अब्ज. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली यांनी २०२२ पासून ‘ब्रिजटाउन’ प्रस्तावांतून हेच हिशेब बदलण्याचा पाठपुरावा चालवला आहे.

मुक्त व्यापाराने गरिबी कमी झाली नाही का?

काही देशांत झाली, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘मुक्त’ व्यापार सगळ्यांसाठी सारखा मुक्त नव्हता. कापूस घ्या. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मांडली, की अमेरिकेच्या अनुदानांमुळे भाव पडतात आणि आमचा शेतकरी मरतो. ब्राझीलने तर रीतसर खटला भरला आणि तो जिंकला. पुढे काय झालं? अनुदानं ताबडतोब थांबली नाहीत. २०१० पासून अमेरिका ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला वर्षाला सुमारे १४.७ कोटी डॉलर देऊ लागली. ब्राझीलकडे बदल्याची कारवाई करण्याची ताकद होती म्हणून. त्या चार आफ्रिकी देशांकडे ती नव्हती. नियम मोडल्याचं सिद्ध होऊनही न्याय मिळाला तो ताकदीच्या प्रमाणात.

औषधांची गोष्टही याच वळणाची. २००१ मध्ये एचआयव्हीच्या पेटंट असलेल्या औषधांचा वर्षाचा खर्च दर रुग्णामागे दहा हजार डॉलरहून जास्त होता. त्या वर्षी सिप्ला या भारतीय कंपनीने ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला तीच औषधं ३५० डॉलरमध्ये देऊ केली. त्याच वर्षी जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा इथल्या जाहीरनाम्याने मान्य केलं, की पेटंटच्या करारामुळे सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणात अडथळा येऊ नये. वीस वर्षांनी कोविड आला. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये याच संघटनेत पेटंट तात्पुरते शिथिल करण्याचा प्रस्ताव ठेवला. निर्णय आला जून २०२२ मध्ये, फक्त लसींपुरता आणि बराच पातळ करून. तोवर मोठ्या लाटा येऊन गेल्या होत्या. किती जीव वाचले असते याचा अंदाज मी बांधणार नाही. पण ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

करांचा परराष्ट्र धोरणाशी काय संबंध?

बहुराष्ट्रीय कंपनी नफा कुठे दाखवते यावर कोणत्या देशाला शाळा आणि रस्ते बांधता येतील हे ठरतं. आजवर हे नियम श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेत ठरत आले. २०२१ मध्ये तिच्या पुढाकाराने १५ टक्के किमान करावर १३० हून जास्त देशांची सहमती झाली, ते पाऊल पुढचंच होतं. पण आफ्रिकी देशांच्या गटाने नोव्हेंबर २०२३ मध्ये हा विषय संयुक्त राष्ट्रांत नेला, जिथे प्रत्येक देशाला एक मत आहे. कर सहकार्याच्या कराराची बोलणी आता तिथे सुरू आहेत. अमेरिका फेब्रुवारी २०२५ मध्ये बाहेर पडली, तरी बोलणी थांबली नाहीत.

हवामान बदलात आता सगळेच देश प्रदूषण करतात. मग जबाबदारी वेगवेगळी का?

कारण वातावरणात साठलेला कार्बन कालचा आहे. औद्योगिक क्रांतीपासून आजवरच्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव भाग एकट्या अमेरिकेचा आहे. पूर्ण आफ्रिकेचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. १९९२ च्या रिओ परिषदेत ‘समान पण भिन्न जबाबदाऱ्या’ हे तत्त्व मान्य झालं ते यामुळेच. चीनसारख्या देशांचं आजचं उत्सर्जन प्रचंड आहे आणि तेही कमी व्हायलाच हवं. इतिहासाचा हिशेब त्याने पुसला जात नाही, आणि इतिहासाच्या आड लपून आजची जबाबदारीही टळत नाही.

वचनांचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. कोपनहेगनच्या हवामान परिषदेत २००९ साली श्रीमंत देशांनी कबूल केलं, की २०२० पर्यंत विकसनशील देशांसाठी दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. ओईसीडीच्या आकड्यांनुसारच ते लक्ष्य गाठलं गेलं २०२२ मध्ये, आणि त्यातली मोठी रक्कम कर्जाच्या रूपात होती. ज्याचं घर आपल्यामुळे बुडालं त्याला घरबांधणीसाठी व्याजाने पैसे द्यायचे, असा हा प्रकार. छोट्या बेटांच्या वतीने वानुआतू या पॅसिफिकमधल्या द्वीपदेशाने समुद्रपातळी वाढीच्या नुकसानीसाठी निधी मागितला १९९१ मध्ये. ‘हानी आणि नुकसान’ निधी मान्य झाला २०२२ मध्ये, शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत. एकतीस वर्षं! आणि पहिल्या दोन वर्षांत आलेली वचनं एक अब्ज डॉलरच्याही आत होती.

तरी याच वानुआतूने आणखी एक वाट काढली. दक्षिण पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये कल्पना मांडली, की हा प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यावा. वानुआतूच्या सरकारने ती उचलून धरली. मार्च २०२३ मध्ये आमसभेने ठराव केला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिलं : हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास भरपाईची जबाबदारी येऊ शकते. हे मत बंधनकारक नसलं तरी जगभरच्या न्यायालयांत आता त्याचा आधार घेतला जाईल. मला या विषयात सर्वात जास्त उमेद देणारी गोष्ट हीच आहे.

शाश्वत विकास म्हणजे गरीब देशांनी विकास थांबवायचा का?

नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालात शाश्वत विकासाची व्याख्या आहे : पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागवणं. तिच्या लगेच पुढे लिहिलंय, की ‘गरजा’ म्हणजे मुख्यतः जगातल्या गरिबांच्या मूलभूत गरजा, आणि त्यांना सर्वोच्च प्राधान्य हवं. हा भाग लोक विसरतात.

इक्वेडोरमध्ये या प्रश्नाची कसोटी लागली. ॲमेझॉनमधल्या यासुनी राष्ट्रीय उद्यानाखाली खनिज तेल आहे. राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेया यांनी २००७ मध्ये जगापुढे प्रस्ताव ठेवला : आम्ही तेल जमिनीतच ठेवतो, बुडणाऱ्या उत्पन्नाची निम्मी रक्कम, म्हणजे ३.६ अब्ज डॉलर, जगाने द्यावी. प्रत्यक्षात निधीत जमा झाले जेमतेम १.३ कोटी. २०१३ मध्ये प्रस्ताव गुंडाळला गेला आणि पुढे तेल निघू लागलं. मग ऑगस्ट २०२३ मध्ये देशव्यापी सार्वमत झालं आणि सुमारे ५९ टक्के मतदारांनी तेल जमिनीतच ठेवा असं सांगितलं. ज्या जगाने जंगलाच्या रक्षणावर इतकी भाषणं केली त्याने पैसे दिले नाहीत. पैशांची गरज असलेल्या लोकांनी मात्र ते नाकारले.

आंतरराष्ट्रीय वाटाघाटींतून खरंच काही निष्पन्न होतं का?

होतं. ओझोनच्या थरासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, त्यातच विकसनशील देशांना जास्त मुदत मिळाली. १९९० मध्ये त्यांच्या खर्चासाठी स्वतंत्र निधी ठरला. आज संयुक्त राष्ट्रांचे सगळे सदस्य त्यात आहेत आणि ओझोनचा थर भरून येतो आहे. निधी आणि मुदत नसती तर गरीब देश आले नसते.

पुरोगामी म्हणजे सैन्यच नको म्हणणारे का?

तसे थोडे आहेत, बहुसंख्य नाहीत. स्वसंरक्षणाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत आहे आणि आक्रमण झालेल्या देशाला तो नाकारणं म्हणजे आक्रमकाची बाजू घेणं. आक्षेप आहे तो प्रमाणावर. २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च सुमारे २,७१८ अब्ज डॉलर होता. त्याच वर्षी श्रीमंत देशांची विकासमदत सुमारे २१२ अब्ज होती. दुसरा आक्षेप शस्त्रविक्रीवर आहे. अत्याचारांसाठी शस्त्रं वापरली जाणार हे माहीत असताना ती विकू नयेत, असं २०१३ चा शस्त्रव्यापार करार सांगतो. त्यावर सही करून विक्री चालू ठेवणारी सरकारं थोडी नाहीत.

नरसंहार होत असताना बाहेरच्यांनी हस्तक्षेप करावा की नाही?

यावर एकमत नाही. १९९४ मध्ये रवांडात सुमारे आठ लाख माणसं मारली जात असताना सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना वाढवण्याऐवजी घटवली. त्या लाजेतून २००५ मध्ये ‘संरक्षणाची जबाबदारी’ हे तत्त्व जगाने मान्य केलं : सरकार आपल्याच लोकांना सामूहिक अत्याचारांपासून वाचवत नसेल, तर ती जबाबदारी जगावर येते. २०११ मध्ये लिबियात नागरिकांच्या रक्षणासाठी मिळालेली परवानगी सत्तापालटापर्यंत ताणली गेली, देश कोसळला आणि त्या तत्त्वावरचा विश्वासही. माझं मत असं आहे, की बळाचा वापर सुरक्षा परिषदेच्या मंजुरीनेच व्हावा, आणि सामूहिक अत्याचारांच्या वेळी पाच कायम सदस्यांनी नकाराधिकार वापरू नये. फ्रान्स आणि मेक्सिको यांनी नेमका हाच प्रस्ताव २०१५ मध्ये मांडला आहे. तो मान्य होईपर्यंत रवांडासारखी कोंडी पुन्हा येऊ शकते, हे मला नाकारता येत नाही.

मग निर्बंध चांगले का?

कोणावर आणि कोणाच्या सांगण्यावरून, यावर अवलंबून. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घाला, ही मागणी तिथल्या काळ्या जनतेच्या चळवळीचीच होती. १९९० नंतर इराकवर लादलेल्या निर्बंधांची झळ सत्ताधाऱ्यांपेक्षा सामान्यांना बसली. तिथल्या मानवतावादी कामाचे संयुक्त राष्ट्रांचे समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्यानंतर आलेल्या हान्स फॉन श्पोनेक यांनी २००० मध्ये निषेध म्हणून राजीनामे दिले. आता संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांत अन्न-औषधांच्या मदतीला सर्वसाधारण सूट आहे. ती मिळाली डिसेंबर २०२२ मध्ये.

स्त्रीवादी परराष्ट्र धोरण हे केवळ नाव आहे का?

स्त्रियांचे हक्क केंद्रस्थानी ठेवणारं असं धोरण स्वीडनने २०१४ मध्ये सुरू केलं, २०२२ मध्ये नव्या सरकारने ते नाव टाकून दिलं. मधल्या काळात, २०१५ मध्ये, सौदी अरेबियाशी असलेला लष्करी सहकार्य करार पुढे न वाढवण्याची किंमत स्वीडनने मोजली. पण शस्त्रनिर्यात चालूच राहिली. नावापलीकडे काहीतरी होतं, पुरेसं नव्हतं.

स्थलांतरितांबद्दल काय भूमिका?

जगातल्या निर्वासितांपैकी सुमारे ७० टक्के किंवा त्याहून जास्त अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, त्यामुळे ‘श्रीमंत देशांवर लोंढे’ हे चित्र मुळातच अपुरं आहे. आणखी एक मुद्दा क्वचित बोलला जातो. परदेशी राबणारे मजूर घरी पाठवतात तो पैसा जगातल्या एकूण सरकारी विकासमदतीहून कितीतरी जास्त आहे. तो पाठवण्याचा खर्च सरासरी सहा टक्क्यांच्या वर आहे. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत तो २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणायचं ठरलंय. बँका आणि पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांवर नियम घालून हे करता येण्यासारखं आहे.

मानवाधिकारांची ही भाषा म्हणजे पाश्चात्त्यांचा दुटप्पीपणा नाही का?

दुटप्पीपणा खरा आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर अटक वॉरंट काढलं तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांनी ते योग्य ठरवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहू यांच्यावर वॉरंट निघालं आणि काही महिन्यांतच अमेरिकेने त्याच न्यायालयावर निर्बंध घातले. न्यायालयाचे सदस्य असूनही मंगोलियाने पुतिन यांना आणि हंगेरीने नेतान्याहू यांना अटक न करता पाहुणचार केला. म्हणजे हा रोग एकट्या पश्चिमेचा नाही.

पण यावरून तत्त्वच खोटं ठरवणं मला मान्य नाही. म्यानमारमधल्या रोहिंग्यांसाठी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो गांबिया, आफ्रिकेतला एक छोटा देश. डिसेंबर २०२३ मध्ये गाझासाठी गेला दक्षिण आफ्रिका. हे दोघे काही पाश्चात्त्य नव्हेत, आणि दोघांनीही १९४८ च्या त्याच नरसंहारविरोधी कराराचा आधार घेतला.

एखादं सरकार खरंच पुरोगामी आहे की नुसतं बोलतं, हे कसं ओळखायचं?

परिषदांतली भाषणं सोडा, मतदान पाहा. आमसभेत कोणत्या ठरावावर कोणी काय मत दिलं हे जाहीर असतं. एप्रिल २०२२ पासून तर लिखटेनस्टाइनच्या पुढाकाराने झालेल्या ठरावामुळे सुरक्षा परिषदेत कोणी नकाराधिकार वापरला, की आमसभेत त्यावर चर्चा होते. त्या चर्चेत आपला प्रतिनिधी मित्रदेशाबद्दल काय बोलला ते वाचा. शस्त्रनिर्यातीचे परवाने कोणाला गेले ते पाहा. हवामान निधीत दिलेल्या रकमेत अनुदान किती आणि कर्ज किती, हे विचारा. गुंतवणूक करारांत परदेशी कंपनीला सरकारवर खटला भरण्याचं कलम आहे का, तेही तपासा. उरुग्वेने सिगारेटच्या पाकिटांवरचे इशारे मोठे केले म्हणून फिलिप मॉरिस कंपनीने २०१० मध्ये अशाच कलमाखाली दावा ठोकला होता. उरुग्वे जिंकला, पण त्याला सहा वर्षं लागली. असे करार संसदेत फारशी चर्चा न होता मंजूर होतात, त्यामुळे आपल्या खासदाराला त्याबद्दल पत्र लिहायचं तर सही होण्याआधी लिहा. नंतर तो करार मोडला तरी त्यातली कलमं पुढे दहा-वीस वर्षं लागू राहू शकतात.